दोन लायनी असताना बीजीपीची वाट कशी वळवायची

समजा, जळगावात तुम्ही नेट पुरवता. एक लाइन धुळे-नाशिकमार्गे मुंबईला जाते, १० जीबीपीएसची. दुसरी भुसावळवरून नागपूरला, १ जीबीपीएसची. पहिली तुटली तर हाताशी असावी म्हणून घेतलेली. दोन्हीकडे बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) लावलं, आणि रात्री आठला नागपूरची बारीक लाइन तुडुंब, मुंबईची अर्धी रिकामी. बिघाड काही नाही. लाइन किती जाड आहे हे बीजीपीला कळतच नाही.

एकाच प्रीफिक्सचे (पत्त्यांच्या गटाचे) दोन रूट (वाटा) आले की राउटर ठरलेल्या क्रमाने तुलना करतो आणि पहिल्या फरकाला थांबतो. सिस्कोवर आधी वेट (त्या राउटरपुरती पसंती), मग लोकल प्रेफरन्स (तुमच्या सगळ्या नेटवर्कची पसंती; दोन्हीत मोठा आकडा जिंकतो), मग स्वतःचा रूट, मग एएस-पाथची (वाटेतल्या एएसची, म्हणजे स्वतःचा आकडा असलेल्या स्वतंत्र नेटवर्कची, यादी) लांबी, ओरिजिन (रूट बीजीपीत कसा आला), एमईडी (शेजाऱ्याला दिलेली सूचना; लहान जिंकतो), आयबीजीपीपेक्षा (स्वतःच्या राउटरांमधलं बीजीपी) ईबीजीपी (बाहेरच्या शेजाऱ्याशी), नेक्स्ट-हॉपपर्यंतचं (वाटेतल्या पुढच्या राउटरपर्यंतचं) आतलं अंतर आणि शेवटी राउटर-आयडीसारखे निकष. वेट इतर कंपन्यांच्या राउटरवर असेलच असं नाही. एएस-पाथमध्ये किलोमीटर मोजले जात नाहीत. एएस भुसावळपुरता असो की सिंगापूरपर्यंत पसरलेला, मोजताना तो एकच.

बाहेर जाणारा ट्रॅफिक

हा पूर्णपणे तुमच्या हातात. मुंबईकडून येणाऱ्या रूटना रूट-मॅपने (रूटना नियम लावणारी यादी) लोकल प्रेफरन्स २०० द्या, नागपूरच्या राहू द्या १०० वर. डीफॉल्टही तोच आहे. मग सॉफ्ट रीसेट, म्हणजे सेशन (शेजाऱ्याशी बीजीपीची जोडणी) चालू ठेवून नवे नियम लावणं. सेशन पाडून चढवलं तर ट्रॅफिक तुटतो, त्याची गरज नाही.

दोन लायनी दोन राउटरवर असतील तर वेट वापरू नका, ते त्या राउटरबाहेर जात नाही. लोकल प्रेफरन्स आयबीजीपीतून दुसऱ्या राउटरला कळतो. तरीही रूट 'बेस्ट' होत नसेल तर आधी नेक्स्ट-हॉप पाहा. बाहेरच्या शेजाऱ्याचा पत्ता आतल्या राउटरला माहीत नसेल तर तो रूट स्पर्धेतच उतरत नाही, मग लोकल प्रेफरन्स हजार का असेना. उपाय: आयबीजीपी शेजाऱ्यावर नेक्स्ट-हॉप-सेल्फ, म्हणजे नेक्स्ट-हॉप म्हणून स्वतःचाच पत्ता सांगणं.

आत येणारा ट्रॅफिक

खरी डोकेदुखी इथे, कारण ग्राहक डाउनलोडच जास्त करतात. आत यायची वाट समोरचा ठरवतो. तुम्ही फक्त सुचवू शकता.

बहुतेक जण आधी प्रीपेंड करतात, म्हणजे एएस-पाथ लांब दिसावा म्हणून स्वतःचा आकडा त्यात पुन्हा पुन्हा लावतात. उदाहरणासाठी राखून ठेवलेले एएस आकडे घेऊ: तुम्ही ६४५००, मुंबईवाला ६४४९६, नागपूरवाला ६४४९९. नागपूरकडे स्वतःचा आकडा तीनदा जादा लावला, की तिसऱ्या एखाद्या नेटवर्कला असं दिसतं:

६४४९६ ६४५००
६४४९९ ६४५०० ६४५०० ६४५०० ६४५००

दोन विरुद्ध पाच. लोकल प्रेफरन्स सारखा असेल तर मुंबई जिंकली. पण खुद्द ६४४९९ च्या आत काय होतं? तुम्ही त्याचे पैसे देणारे ग्राहक, म्हणून तुमच्या रूटला तो सहसा जास्त लोकल प्रेफरन्स देतो, आणि ती तुलना एएस-पाथच्या आधी होते. दहा वेळा प्रीपेंड केलं तरी त्याचा ट्रॅफिक नागपूर लाइननेच येणार. त्यासाठी त्याची कम्युनिटी-यादी मागा (कम्युनिटी म्हणजे रूटला लावायची खूण, ती पाहून तो ठरलेली कृती करतो). लोकल प्रेफरन्स खाली आणणारी कम्युनिटी त्यात असेल तर ती रूटला जोडा, आणि शेजाऱ्यावर सेंड-कम्युनिटी (या खुणा पाठवायची सेटिंग) चालू करायला विसरू नका. एमईडीवर वेळ घालवू नका: वेगवेगळ्या शेजारी एएसकडून आलेल्या रूटमध्ये त्याची तुलना डीफॉल्टने होतच नाही.

कम्युनिटी मिळत नसेल आणि तुमच्याकडे /२३ चा ब्लॉक (५१२ पत्ते) असेल, तर /२३ दोन्हीकडे जाहीर करा आणि त्याचे दोन अर्धे भाग, म्हणजे दोन /२४, फक्त मुंबईकडे. पॅकेट पाठवताना जास्त नेमका (लहान गटाचा) प्रीफिक्स आधी पाहिला जातो, तिथे लोकल प्रेफरन्सचंही चालत नाही. मुंबई पडली की /२४ गायब होतात आणि /२३ मुळे ट्रॅफिक नागपूरवरून येतो. जगाचा राउटिंग टेबल त्यामुळे फुगतो, म्हणून हा उपाय दुसरा.

यात तीन ठिकाणी घोळ होतो. प्रीफिक्स जाहीर करणाऱ्या नेटवर्क कमांडला तोच /२४ राउटिंग टेबलात हवा असतो, म्हणून नल-झीरोकडे (पॅकेट टाकून देणारा नावापुरता इंटरफेस) स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट टाका. आरओएमध्ये (कोणता प्रीफिक्स कोणत्या एएसने जाहीर करायचा याची सही केलेली नोंद) मॅक्स-लेंग्थ (चालेल असा सर्वात लहान तुकडा) २३ असेल तर /२४ इनव्हॅलिड ठरून अनेक नेटवर्क तो फेकतात. तो आरओए आधी बदला. आणि /२५ करायला जाऊ नका, /२४ पेक्षा लहान तुकडे बहुतेक ठिकाणी गाळले जातात.

बाहेर जाणाऱ्या फिल्टरमध्ये फक्त स्वतःचे प्रीफिक्स ठेवा. तो नसेल तर मुंबईकडून शिकलेले रूट नागपूरला जातात आणि दोन बड्यांचा ट्रॅफिक तुमच्या १ जीबीपीएसमधून वाहू लागतो.

सगळं झालं की दुसऱ्या नेटवर्कच्या लुकिंग ग्लासवर (त्यांच्या राउटरला काय दिसतं ते दाखवणारं पान) तुमचा प्रीफिक्स पाहा. मग पहाटे तीनला मुंबईचं सेशन दहा मिनिटं बंद ठेवा आणि नागपूरच्या इंटरफेसवरचा आत येणारा आकडा वर जातो का ते बघा.