ऑरेटोरिओचं लाइव्ह रेकॉर्डिंग कसं ऐकावं

बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताच्या रेकॉर्डिंगवर लिहू लागलेल्यांना मी आधी संगीतकार हँडेलचा ‘इस्राएल इन इजिप्त’ हा ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय गाऊन सांगितलेली धार्मिक कथा, ऐकायला सांगतो. १७३९ साली लंडनमध्ये तो पहिल्यांदा झाला, तेव्हा लोकांना रुचला नाही. एकल गाणी थोडी, कोरसच फार! पण कोरसचा कस बघायला याहून चांगली रचना मला माहीत नाही.

यात बायबलमधल्या इजिप्तवर कोसळलेल्या संकटांची कथा आहे; त्यातल्या माश्यांच्या प्रसंगापासून सुरुवात करा. कोरस ठणठणीत शब्द उच्चारतो आणि व्हायोलिनवर माश्या घोंघावतात. चर्चमध्ये आवाज फार घुमत असेल, तर त्या जलद सुरांचा नुसता लगदा होतो. तो दोष वादकांचा की जागेचा, हे ठरवल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

पुढच्या गारांच्या प्रसंगात दोन कोरस एकमेकांना उत्तरं देतात. हेडफोन लावा. डावा-उजवा वेगळा कळला पाहिजे. एकाच भिंतीतून आवाज आला, तर मायक्रोफोनची मांडणी फसली म्हणायची. लगेच काळोख येतो. इतका वेळ गर्जणाऱ्या गळ्यांना आता दबक्या आवाजात, चाचपडत गायचं असतं. खरी परीक्षा इथेच. सूर जरा उतरला तरी सोबतच्या तंतुवाद्यांशी घासतो. शब्दांच्या शेवटचं व्यंजन सगळ्यांचं एकदम मिटतं का, तेही ऐका.

श्रोत्यांच्या खोकल्यांमुळे रेकॉर्डिंगचे गुण कापू नका. मैफलीच्या रेकॉर्डिंगमधली दाद जशी आपल्याला हवीच असते, तशी इथली श्रोत्यांची चाहूल. ‘लाइव्ह’ म्हटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा दोन-तीन रात्रींचे तुकडे जोडलेले असतात. त्यात गैर काही नाही. मात्र मध्येच सभागृहाची हवा बदलल्यासारखी वाटली, तर वेळ टिपून ठेवा.

लाइव्ह ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही ही रचना अगदी सुरुवातीला आहे. १८८८ च्या जूनमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारोंच्या कोरसनं ती गायली आणि एडिसनच्या फोनोग्राफनं मेणाच्या नळकांड्यांवर टिपली. खरखरीतूनही त्या कोरसची संथ चाल कळते. ती ऐकलीत की आजच्या लहान कोरसचा वेग किती बदललाय ते उमगेल.

तुलनेला दुसरं रेकॉर्डिंग घेताना पहिला भाग आहे का, बघून घ्या. हँडेलनं राणी कॅरोलाइनच्या १७३७ मधल्या अंत्यविधीचं संगीत तिथे वापरलंय आणि जुन्या सादरीकरणांत तो भाग सर्रास गाळलेला असतो. तो नसेल तर गारा-माश्यांचा गदारोळ शोकाशिवायच सुरू होतो, मग कोरसला ‘भडक’ म्हणणं अन्यायाचं ठरतं.