उबुंटूवर सुडो वापरताना या चुका टाळा

'परमिशन डिनाइड' दिसलं की त्याच कमांडपुढे सुडो (कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालवणारा शब्द) लावून पुन्हा एंटर मारायचं, ही सवय सगळ्यांनाच लागते. बऱ्याचशा भानगडी तिथूनच सुरू होतात. आधी 'एलएस -एल' चालवा आणि फाइल कोणाच्या मालकीची आहे ते बघा.

खिडकीवाला प्रोग्राम सुडोने उघडला, तर तुमच्या होम फोल्डरमधल्या काही फाइली रूटच्या नावावर होऊ शकतात. त्यात 'डॉट-एक्सऑथॉरिटी' ही डेस्कटॉप उघडायला लागणारी फाइल सापडली, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा परत परत येतो. लोक थेट उबुंटू नव्याने टाकायला बसतात, त्याची काही गरज नसते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलमध्ये लॉगिन करा आणि 'सुडो सीएच-ओन'ने त्या फाइलीची मालकी स्वतःकडे घ्या. अख्ख्या सिस्टिमवर मात्र ही कमांड चालवू नका. सुडोची फाइल रूटच्या मालकीची राहिली नाही, तर सुडोच बंद पडतो.

फाइलीचे हक्क बदलणारी 'सीएच-मॉड ७७७' हा तर सगळ्यात लाडका उतारा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. म्हणजे ७७७ने तिन्ही हक्क मालकाला, ग्रुपला आणि उरलेल्या सगळ्यांना दिले. सिस्टिमच्या सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरवर, आतल्या फाइलींसकट, हे केलंत तर सुडो कोणाला वापरता येतो ते ठरवणारी सुडोअर्स फाइल कोणीही बदलू शकतो हे पाहून सुडो कामच नाकारतो. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं एसएसएचही अशी सगळ्यांना उघडी पडलेली खासगी की (किल्लीची फाइल) घेत नाही.

खरी फजिती यूजरचे ग्रुप बदलणाऱ्या 'यूजरमॉड' कमांडची. आर्डुइनो या सर्किट बोर्डाचा पोर्ट उघडत नाही म्हणून स्वतःला पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये टाकताना '-एजी'मधल्या मोठ्या जीआधी लहान ए राहिला, की बाकीचे जोडग्रुप पुसले जातात. सुडो वापरू देणारा सुडो ग्रुपही त्यात गेला! उबुंटूत रूटचं खातं मुळातच कुलूपबंद असल्यामुळे रूट खात्यात शिरायच्या 'एसयू' कमांडचाही उपयोग नाही. मशीन रिस्टार्ट करून ग्रब या बूट मेन्यूमधून रिकव्हरी मोड निवडा, रूट शेल घ्या, डिस्क लिहिण्याजोगी नसेल तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' द्या, मग 'अ‍ॅडयूजर', तुमचं यूजरनेम आणि 'सुडो'.

ए लावूनही पोर्ट उघडत नसेल, तर लॉगआउट करून परत या. नवा ग्रुप चालू सेशनला कळत नाही.