रोलप्लेइंग गेमसाठी प्रदेशाचा नकाशा: आधी डोंगर, मग पाणी, नावं शेवटी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, काल्पनिक जगात पात्रं होऊन खेळायच्या खेळासाठी स्वतःचं जग रचायला बसलं की हात आधी राजधानीकडे वळतो. कागदाच्या मध्यावर किल्ला येतो, त्याला झोकदार नाव मिळतं, आणि नद्या-डोंगर उरलेल्या जागेत बसवले जातात. असा नकाशा दिसतो छान, पण खेळाडूंनी "आम्ही डोंगर टाळून दक्षिणेने गेलो तर?" असं विचारलं की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, अडकतो. जमीन ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने नकाशा काढा, म्हणजे अशा प्रश्नांची उत्तरं नकाशातच सापडतील.

सुरुवात प्रमाणाने करा. ए-३ कागद आडवा धरा, चारी बाजूंना १५ मिमी समास सोडा आणि समोरासमोरच्या बाजूंत १५ मिमी अंतर असलेल्या षटकोनांची जाळी घ्या. २९ उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत १७ षटकोन बसतात. एक षटकोन म्हणजे ६ मैल, साधारण १० किमी. हा आकडा मुद्दाम घेतलाय: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत दिवसाची चाल साधारण वेगाने २४ मैल, घाईने ३० आणि जपून १८ मैल आहे. म्हणजे ४, ५ किंवा ३ षटकोन, आणि बिकट वाटेवर त्याच्या निम्मे. खेळताना पट्टी लागत नाही, नुसतं मोजायचं. संपूर्ण कागद आडवा पार करायला सात-आठ दिवस लागतात. पहिल्या काही महिन्यांच्या खेळाला एवढा प्रदेश पुरून उरतो. अख्खा खंड काढायच्या फंदात पडू नका.

जाळी हाताने आखू नका. फिकट करड्या रंगात छापा, वर १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) कोरा कागद ठेवा आणि दिवसा खिडकीच्या काचेवर धरून काम करा. २०० जीएसएमच्या कागदातून जाळी दिसत नाही.

आता एचबी पेन्सिलने, हलक्या हाताने डोंगररांग. त्याहून कडक २एच वापरलीत तर कागदावर चरे पडतात आणि शाई त्यांत साचते. रांग सलग असू द्या, तिला एक कडा तुटलेला आणि दुसरा उतार संथ द्या. सुटे डोंगर विखुरले तर पाणलोटच ठरत नाही आणि पुढचं सगळं बिघडतं. शाई भरताना सर्वांत पुढचा, म्हणजे कागदावर खालचा डोंगर आधी काढा. मागच्याची रेघ त्याला टेकली की थांबवा. उजेड डावीकडून धरलात तर सावलीच्या रेघा सगळीकडे उजवीकडेच हव्यात.

मग वारा कोणत्या दिशेने येतो ते समासात बाणाने लिहा. वाऱ्याकडच्या अंगाला दाट जंगल, पलीकडे कोरडा माळ. हा फरक किती टोकाचा असू शकतो ते एकट्या सातारा जिल्ह्यात दिसतं: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातला माण तालुका कायमचा दुष्काळी. तुमच्या वाळवंटाला शापाची कथा जरूर जोडा, पण त्याच्या आड एक डोंगर असू द्या.

सर्वाधिक चुका नद्यांत होतात. नद्या एकमेकींना मिळतात; वाटेत फुटून दोन वेगळ्या समुद्रांना जात नाहीत. फाटे फुटायचे ते मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. तळ्यात कितीही ओढे येऊ द्या, बाहेर पडणारी वाट एकच. वाटच नसेल तर पाणी लोणारसारखं खारं होतं, आणि तिथे काय राहत असेल हा झकास प्रश्न तयार होतो. नदीने जवळचाच समुद्र गाठायला हवा असंही नाही: गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किमीवर उगम पावते आणि १,४६५ किमी वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, कारण मध्ये सह्याद्री आहे. रेघ उगमाशी ०.१ मिमीच्या पेनाने, संगमानंतर ०.३, मुखाकडे ०.५.

वस्ती आता कुठे असेल ते दिसू लागतं: संगमावर, नदी पायी ओलांडता येते त्या जागी, बंदरात, घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर. नाणेघाटाने कोकणातली बंदरं जुन्नरशी जोडली होती; अशी एक खिंड नकाशात असली की जकात, लुटारू आणि चौकी हे सगळं तिच्यामागून येतं. नंतर कुठल्याही दोन गावांमधले दोन मार्ग मोजून पाहा. एक जवळचा पण दलदलीतून, दुसरा लांबचा पण सुरक्षित असेल तर खेळाडूंना खरी निवड मिळते. दोन्ही सारखेच निघाले तर दलदल हलवा.

नावांची जागा जंगल रंगवण्याआधी पेन्सिलने चौकट करून राखा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून ४ मिमीच्या अक्षराला ८ मिमी उंची सोडा. रस्ते तुटक रेघेने दाखवा; सलग रेघ शिरोरेषेत मिसळते आणि गावाचं नाव वाचता येत नाही. एका प्रदेशातल्या गावांच्या नावांना दोन-तीनच प्रत्यय (-पूर, -वाडी असे) ठेवा. डोंगरापलीकडे वेगळे प्रत्यय आले की तिथले लोक वेगळे आहेत हे न सांगता कळतं.

मूळ नकाशा स्वतःकडे ठेवा. गुपितं झाकून त्याची खेळाडूंसाठी १०० जीएसएमच्या कागदावर लेझर झेरॉक्स काढा आणि ती जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्याने रंगवा. इंकजेटची शाई सहसा पाण्यात पसरते आणि नेहमीचा ७५ जीएसएमचा कागद ओला झाला की फाटतो. २५० मिली पाण्यात चार चमचे चहा पावडर पाच मिनिटं उकळा, गाळून गार करा. साखर घालू नका, कागद चिकट होतो आणि मुंग्या लागतात. स्पंजने एकसारखा हात फिरवा, सपाट पृष्ठभागावर वाळवा. दोरीवर टांगलात तर रंग खालच्या कडेला उतरतो. किंचित दमट असतानाच दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.