साथीच्या दिवसांत गोठ्यात होणाऱ्या या चुका टाळा

साथ आली की नागपूर जिल्ह्यात काटोलपासून कुहीपर्यंत एकच प्रश्न: "काय फवारू?" फवारणी नंतरची गोष्ट. रोग बहुतेक वेळा मालकच घरी आणतो, नव्या जनावराच्या दोराला बांधून.

बाजारातला बैल थेट दावणीला

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, आणि चित्रही ठरलेलं. पोळा आठ दिवसांवर, जोडी पुरी करायची घाई. दात बघितले, चाल बघितली, सौदा झाला आणि संध्याकाळी गाडीतून उतरवलेला गोऱ्हा जुन्या बैलाशेजारी गव्हाणीवर. लम्पी या गुरांच्या त्वचारोगाचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून बाजारात कातडी साफच दिसते. दहाव्या दिवशी ताप, डोळ्यांतून पाणी, मग मानेवर-पाठीवर सुपारीएवढ्या गाठी. तोवर माश्या, डास आणि गोचिडांनी आपलं काम केलेलं असतं आणि तोरणाखाली गावातले सगळे बैल खांद्याला खांदा लावून उभे राहून गेलेले असतात. २०२२ मध्ये राज्यातले गुरांचे बाजार उगाच बंद ठेवले नव्हते. घाईच असेल तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवा.

नवं जनावर २८ दिवस वेगळं. वेगळं म्हणजे मध्ये तट्ट्या लावून नव्हे; दुसरं छप्पर, दुसरी बादली, दुसरा दोर. चारापाणी आधी घरच्या जनावरांना, नव्याला शेवटी. रोज सकाळी गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप वहीत लिहायचा. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०३ च्या वर गेलं की दवाखान्यात फोन, किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला. दुपारी मोजू नका, आपल्याकडच्या उन्हात निरोगी म्हैसही तापलेली निघते.

गाठी दिसल्यावर लसीची आठवण

लम्पीसाठी वापरतात ती शेळ्यांच्या देवीची लस. टोचल्यावर पुरती ताकद यायला तीनेक आठवडे लागतात. म्हणून साथीच्या गावाभोवती ५ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या निरोगी जनावरांना ती आधी देतात. आजारी जनावराला टोचून उपयोग नाही. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी.

पावसाळ्याआधी म्हणजे ऐन मे महिन्यात, आणि इथेच घोळ होतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये हवी. बाहेर ४५, आणि बाटली गाडीच्या डिक्कीत. काही जण उलट टोक गाठतात, बाटली थेट बर्फात खुपसतात. लाळ-खुरकुताची लस मृत विषाणूची, एकदा गोठली की फेकायची. बर्फाच्या पिशव्या आणि बाटली यांमध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला. एका जनावराला एक सुई. सुई अर्ध्या कप चहापेक्षा स्वस्त मिळते, तरी एकच सुई गावभर चालवणारे भेटतातच.

बाकीच्या चुका थोडक्यात. शेण न खरडता जंतुनाशक शिंपडणं म्हणजे शेणालाच अंघोळ. लाळ-खुरकुतासाठी १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सोडा, तोही धुण्याचा, खाण्याचा नव्हे. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, जखम चिघळली तर डॉक्टर देतील. आजारी जनावर बाजारात नेऊन मोकळं होणं हा २००९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरापुढे टाकू नका. नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस दगावलेल्या तीन वाघांत आणि एका बिबट्यात बर्ड फ्लूचाच विषाणू सापडला होता.

मेलेलं जनावर नाल्यात

नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलेलं दिसलं तर कातडं काढायला सुरी लावू नका. ती अँथ्रॅक्सची, म्हणजे फाशीची खूण असू शकते, आणि शव उघडलं की जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. इतर वेळीही आठ फूट खड्डा आणि वर-खाली चुना. पण आधी पंचनामा. २०२२ च्या लम्पीत दुभत्या जनावराला ३०,०००, ओढकामाच्या जनावराला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत होती. पुरून झाल्यावर दवाखान्यात गेलात तर पंचनामा कशाचा करणार? कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर दिसेल असा फोटो काढा, मगच फावडं उचला.