अमेरिकेत लायसन्सशिवाय अल्ट्रालाइट उडवायचं असेल तर

अमेरिकेत पायलटचं लायसन्स न काढता स्वतःचं छोटं, अगदी हलकं विमान (अल्ट्रालाइट) उडवता येतं हे सांगितलं की आपल्या लोकांना आधी थापच वाटते. पण खरं आहे. लायसन्स नको, मेडिकल नको, वयाची अट नाही, विमानावर रजिस्ट्रेशन नंबर पण लागत नाही. 1970 च्या दशकात लोक हँग ग्लायडरला (खाली लटकून उडायचा कापडी पंख) छोटी टू-स्ट्रोक इंजिनं बसवून शेतातून उडायला लागले, मग 1982 मध्ये एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) या प्रकारासाठी पार्ट 103 नावाचा वेगळा नियम काढला. काही पानांचाच आहे, नेटवर फुकट मिळतो, यूट्यूब बघायच्या आधी तो वाचून काढा.

आधीच सांगतो, हे भारतात चालत नाही. आपल्याकडे अशा हलक्या विमानाला, म्हणजे मायक्रोलाइटला, डीजीसीएचं (आपलं विमान वाहतूक खातं) रजिस्ट्रेशन लागतं आणि उडवणाऱ्याला लायसन्स लागतंच, त्यामुळे कोणी अमेरिकेतलं किट मागवून सातारच्या माळावर उडवायचा बेत करत असेल तर तो तिथेच सोडा.

आता नियमात काय बसतं ते. सीट एकच. इंजिनवाल्या मशीनचं रिकामं वजन 254 पौंडांपेक्षा कमी, म्हणजे साधारण 115 किलोच्या आत. पेट्रोलची टाकी जास्तीत जास्त 5 गॅलन (19 लिटरच्या आसपास). फुल पॉवरला सरळ उडताना वेग 55 नॉटच्या वर जाता कामा नये आणि इंजिन बंद असताना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत) 24 नॉट किंवा त्याहून कमी हवा, म्हणजे ताशी 44 किमी. विमानाला जोडलेल्या पॅराशूटसाठी वजनात 24 पौंडांची सूट मिळते, ती जरूर घ्या. आणि उडायचं फक्त हौसेसाठी, पैसे घेऊन कोणाच्या शेताचे फोटो काढून देणं वगैरे बंद. "बायकोला एक चक्कर मारून आणतो" पण बंद, आणि दोन सीटचं मशीन असलं की तो पार्ट 103 राहतच नाही, मग उडवणाऱ्याला लायसन्स आणि मशीनला रजिस्ट्रेशन दोन्ही लागतं.

जुनं मशीन घेताना लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, विकणारा म्हणतो "हो हो, लीगल आहे" आणि मधल्या मालकाने मोठं इंजिन, इलेक्ट्रिक स्टार्टर, जाड चाकं असं काय काय लावून वजन 300 पौंडांवर नेलेलं असतं. तसं मशीन कायद्याने नोंदणी नसलेलं विमान ठरतं आणि तुम्ही लायसन्स नसलेले पायलट. एफएएचा माणूस कधीही तपासायला येऊ शकतो आणि हे नियमात बसतं हे दाखवायची जबाबदारी तुमची. म्हणून टाकी रिकामी करून तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवा आणि बेरीज करा, पैसे त्यानंतर.

मशीन कुठलं घ्यायचं हे तुम्ही काय शिकणार त्यावर ठरवा, उलटं नको. क्विकसिल्व्हर, एरोलाइट 103, कोल्ब फायरफ्लाय ही स्टिक (हातातला दांडा) आणि रडरवाली (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू). ट्राइक म्हणजे वर हँग ग्लायडरचा पंख, खाली तीनचाकी, आणि त्यात बार पुढे ढकलला की नाक वर जातं, स्टिकवाल्यात मागे ओढली की वर. म्हणजे बरोबर उलटं, त्यामुळे एकावर शिकून दुसऱ्यावर थेट बसू नका, घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच चालतात. तिसरा प्रकार पॉवर्ड पॅराग्लायडर, म्हणजे पाठीवर इंजिन किंवा खाली चाकं लावलेला पॅराग्लायडर, तो पण पार्ट 103 मध्येच येतो. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून आलेल्यांना हा सोपा जातो, कारण विंग जमिनीवर सांभाळायची सवय आधीच लागलेली असते.

आता मुख्य गोष्ट. लायसन्स लागत नाही म्हणजे शिकायला लागत नाही असं अजिबात नाही. लायसन्सवाल्याला निदान परीक्षक तरी अडवतो, तुम्हाला अडवणारं कोणीच नाही, म्हणून स्वतःलाच अडवा. दोन सीटच्या, तुमच्या मशीनसारख्याच विमानात सर्टिफाइड इन्स्ट्रक्टरकडे शिका, माझ्या मते दहा तासांच्या आत सोलोचा (एकट्याने उडायचा) विचारच नको. आणि तुम्ही आधीपासून सेसना (नेहमीचं लायसन्सवालं छोटं विमान) उडवत असाल तर "मला काय शिकायचंय" असं म्हणू नका, असे लोकही आपटतात.

का, ते सांगतो. अल्ट्रालाइट हलकं असतं आणि तारा, नळ्या, उघडी सीट यामुळे हवेचा अडथळा प्रचंड. चढावर सायकलचं पेडल थांबवलं की कशी लगेच थांबते, तसं इंजिन बंद पडलं की याचा वेग एकदोन सेकंदात मरतो. सेसना वजनामुळे थोडा वेळ पुढे सरकत राहते, विचार करायला सवड मिळते, इथे सवड नाही. इंजिनचा आवाज बदलला की त्याच क्षणी नाक खाली, मग बाकी सगळं. टेकऑफनंतर लगेच चढताना इंजिन गेलं तर हे जास्तच भारी पडतं, कारण नाक वर असतं आणि उंची नसते. तेव्हा वळून धावपट्टीवर परत यायचा मोह टाळा, समोर किंवा थोडं बाजूला जे मोकळं दिसेल तिथे उतरा, विमान मोडलं तर मोडू दे. इन्स्ट्रक्टरकडून थ्रॉटल मागे घेऊन (इंजिनची पॉवर काढून) हे इतक्या वेळा करून घ्या की हात आपोआप पुढे, ट्राइकमध्ये मागे, गेला पाहिजे.

आणि टू-स्ट्रोक इंजिन बंद पडणारच असं धरूनच उडा. उघड्या अल्ट्रालाइटचा ग्लाइड 5 ला 1 धरला तर 500 फुटांवरून जेमतेम पाऊण किमी जाता येतं, वारा समोरून असला किंवा वळावं लागलं तर त्याहून कमी. म्हणजे खाली जंगल किंवा मोठं तळं असेल तर तिथून जायचंच नाही, लांबून फिरून जा, घाई कसली आहे.

कुठे उडायचं? दाट वस्तीवर नाही, मैदानात लोक जमलेत तिथे वरून नाही. सूर्योदय ते सूर्यास्त (इतरांना दिसावा म्हणून लुकलुकणारा अँटिकोलिजन लाइट असेल तर अनकंट्रोल्ड एअरस्पेसमध्ये, म्हणजे कंट्रोलच्या ताब्यात नसलेल्या हवेत, आधी-नंतर अर्धा तास). ढगात नाही, जमीन कायम दिसली पाहिजे. बाकी सगळ्या विमानांना वाट तुम्ही द्यायची, आणि विनाइंजिनच्या ग्लायडरलाही. हवेचे भाग अक्षरांनी ओळखतात, त्यातले क्लास ए, बी, सी, डी आणि विमानतळाभोवती जमिनीपासून सुरू होणारा क्लास ई यात कंट्रोलच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) आगाऊ परवानगीशिवाय शिरायचं नाही. हे ओळखायला सेक्शनल चार्ट (पायलटांचा नकाशा) वाचता आला पाहिजे. निळी तुटक रेघ म्हणजे क्लास डी, किरमिजी तुटक रेघ म्हणजे जमिनीपासूनचा ई. स्कायव्हेक्टर या वेबसाइटवर चार्ट फुकट बघता येतात. उडायच्या आधी तात्पुरती बंदी आहे का तेही बघा, मोठ्या स्टेडियममध्ये मॅच असेल तर 3 नॉटिकल मैलांच्या आत 3000 फुटांपर्यंत जागा बंद असते. जागेसाठी सगळ्यात बरी म्हणजे खाजगी गवताची धावपट्टी, मालकाला भेटून विचारा, तिथले म्हातारे लोक खडूस वाटतात पण एकदा ओळख झाली की हँगरमधलं सगळं शिकवतात.

रोज उडायच्या आधी मशीनभोवती हळू फिरा आणि प्रत्येक नट, पिन, केबल हाताने हलवून बघा, नुसतं डोळ्याने नाही. पंखाचं कापड उन्हाने कुजतं, जुन्या मशीनमध्ये ते दाबून तपासा. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं, रोटॅक्स 447 किंवा 503 या इंजिनांना पेट्रोल 50 भाग तर तेल 1 भाग, आणि मिश्रण महिनोन्‌महिने पडलेलं वापरू नका. इंजिन नीट गरम झाल्याशिवाय फुल थ्रॉटल देऊ नका, पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि इंजिन जाम होतं. सुरू करताना चाकं अडकवून, मोठ्याने "क्लिअर" ओरडून, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवून.

पहिली सोलो सकाळी लवकर, वारा जवळपास नसताना. दुपारी ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि एवढं हलकं मशीन नवशिक्याला झेपत नाही. एकट्याने बसल्यावर ते दोन सीटच्यापेक्षा फार पटकन उडतं आणि चढतं, दचकू नका. काही लोक इन्स्ट्रक्टर न घेता धावपट्टीवर दोन-चार फूट उड्या मारून स्वतःच शिकायला जातात, ते करू नका, कारण जमिनीलगत वेग कमी आणि हातात वेळ शून्य, अशा अवस्थेत तुम्ही सारखे जाता. आणि हो, लाइफ इन्शुरन्सच्या फॉर्मवर खाजगी उड्डाण करता का असा प्रश्न असतो, पॉलिसी काढून दिली त्या एजंटला फोन करून हे चालेल का ते लेखी घ्या, मशीनचं बुकिंग करायच्या आधी.