भिंती नसलेल्या घरात सोफा पुढे ओढा

मोकळ्या लॉफ्टमध्ये, म्हणजे आत भिंती नसलेल्या एकाच मोठ्या खोलीच्या घरात, सगळं फर्निचर कडेच्या भिंतींना टेकवलं की मधे नुसतं मैदान उरतं. सोफा पुढे ओढा, त्याची पाठ जेवणाच्या टेबलाकडे करा; बैठकीची हद्द तिथेच ठरते. मागून ये-जा करायला ३ फूट मोकळे हवेतच. खरेदीआधी जमिनीवर मास्किंग टेपने सोफ्याचं माप आखा आणि हातात भरलेलं ताट घेऊन त्या वाटेने चालून बघा. गालिचा मोठाच घ्या, सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत. दिव्यांची बटणं वायरिंगच्या वेळीच वेगळी करून घ्या: ओट्यावर ४००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा उजेड, बैठकीत २७००चा पिवळसर. आणि चिमणी धूर बाहेर सोडणारीच बसवा, नाहीतर फोडणीचा वास पडद्यांत मुरतो.