पुरळ गेलं की फाइल कपाटात टाकू नका! एचएसपी झालेल्या मुलांबाबत या चुका टाळा

आमचा लेक सहा वर्षांचा असताना त्याला एचएसपी झालं, म्हणजे हेनॉक-शोनलाइन परप्युरा, हल्ली आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. सर्दी होऊन दहाएक दिवस झाले होते, संध्याकाळी मोजे काढले तर पोटऱ्यांवर लालजांभळे ठिपके, बोटाला उंचवटा लागत होता आणि दाबून फिके होत नव्हते. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे घरात सगळे डेंग्यू डेंग्यू करत बसले, प्लेटलेट्स नॉर्मल आल्या आणि आम्ही हुश्श केलं. पण या आजारात प्लेटलेट्स कमी होतच नाहीत, सूज येते ती बारीक रक्तवाहिन्यांना.

मोठी चूक पुढे होते. ठिपके गेले, पोटदुखी थांबली, पोरगं खाली खेळायला पळालं, की आपण विसरलो. किडनीवर परिणाम साधारण तीनातल्या एका मुलाला होतो, कधी जास्तच, आणि बहुतेकदा पहिल्या चार-सहा आठवड्यांत, म्हणजे नेमकं सगळं निवळतंय असं वाटतं तेव्हा. काहींना त्यानंतरही. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी सहा महिने लघवी आणि बीपी तपासत राहायचं. किडनी दुखत नाही हो, आणि लघवीतलं रक्त दर वेळी डोळ्यांना दिसतंच असं नाही.

सॅम्पल सकाळी उठल्या उठल्या पहिल्या शूचंच घ्या. खेळून आल्यावरच्या लघवीत प्रोटीन उगाच जास्त दिसू शकतं, आम्ही एकदा दुपारचं दिलं आणि दोन दिवस झोप उडवून घेतली. बीपीला लहान मुलांचाच पट्टा लागतो, मोठ्यांचा बांधला तर आकडा कमी येतो आणि आपण उगाच निर्धास्त.

घोटा सुजला म्हणून मनानेच आयब्रुफेन देऊ नका, किडनीला ते झेपत नाही. स्टेरॉइड चालू आहे म्हणजे किडनी वाचली असंही नाही, पोटदुखीला आणि सांध्यांना त्याने आराम पडतो पण किडनीचा त्रास टळत नाही. आणि चालू असलेलं स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायचं नाही.

शू कोऱ्या चहासारखी, सकाळी डोळे सुजलेले, खूप डोकं दुखतंय, शौचातून रक्त किंवा हिरवी उलटी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ठिपके परत उठले तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा आणि सहा महिने परत पहिल्यापासून मोजा, आमचं कॅलेंडर दोनदा खोडलंय.